व्हीलचेअरची रेंज नंतर विचारा, आधी चढाचं बोला

उन्हाळ्यात न्यू जर्सीत कुणाकडे आईबाबा आले की नायगारा, वॉशिंग्टन आणि नातवंडांसाठी पेन्सिल्वेनियातलं हर्षीपार्क हे राइड्सचं पार्क ही नावं लिस्टवर असतातच, आणि हल्ली त्याच्या जोडीला एक प्रश्नही असतो की बाबांचे गुडघे एवढं चालू देणार नाहीत तर पॉवर (म्हणजे बॅटरीवर चालणारी) व्हीलचेअर घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली. मग कुणीतरी ऑनलाइन एखादी फोल्डिंगची बघतं, तिच्यावर लिहिलेलं असतं एका चार्जमध्ये १२ मैल, आणि सगळे म्हणतात की वा, पार्कात काय १२ मैल थोडीच फिरणार आहोत, झालं काम.

माझं म्हणणं एवढंच की हा आकडा डोंगराळ पार्कासाठी जवळजवळ बिनकामाचा आहे.

आधी पार्काचं बघू. हर्षीपार्क १९०६ मध्ये मिल्टन हर्षी यांनी आपल्या चॉकलेट कारखान्यातल्या कामगारांना विरंगुळा म्हणून काढलं, तेव्हा कुणी बुलडोझर लावून जमीन सपाट केली नव्हती. मधून स्प्रिंग क्रीक नावाचा ओढा वाहतो, त्याच्या काठचा भाग खोलगट, १९४६ सालचा लाकडी कॉमेट रोलरकोस्टर त्याच खोलगट भागात उभा आहे आणि तिथून इकडे तिकडे जायचं म्हणजे उतरा आणि चढा. टेनेसीतलं डॉलीवूड तर स्मोकी माउंटन्सच्या पायथ्याशीच आहे, तिथे कोळशावरचं वाफेचं इंजिन चढ चढत जातं ते बघायला मजा येते, खुर्चीत बसलेल्या माणसाला तोच चढ वेगळा दिसतो. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सची गंमत आणखी निराळी आहे. तिथे राइड्स झाडांच्या शेंड्यांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत असं बंधन होतं, त्यामुळे १९९४ मध्ये नेमेसिस हा रोलरकोस्टर बांधताना त्यांनी उंच जायच्या ऐवजी जमिनीत खड्डा खणला. म्हणजे मुळात दरी होतीच, तिच्यात माणसाने आणखी भर घातली.

आता हिशोब. बाबा ७५ किलो, खुर्ची ७० किलो, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, डबा धरून ५ किलो (डबा आत नेऊ देतात का हे आधी बघा, तो वेगळा विषय), एकूण १५० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर चाकं ओढायला साधारण ३० न्यूटन जोर लागतो. आता १ः१२ चा चढ घ्या, म्हणजे १२ फूट पुढे गेल्यावर १ फूट वर, अमेरिकेत अपंगांसाठीच्या रॅम्पला कायद्याने चालणारा हा जास्तीत जास्त चढ, कोनात मोजला तर ४.८ अंश. डोळ्यांना काहीच वाटत नाही. पण त्यावर वजन वर ढकलायला आणखी १२० न्यूटन लागतात, म्हणजे एकूण १५०. सपाटीच्या पाचपट! आणि हा झाला कायद्यातला रॅम्प, जुन्या पार्कातली वाट टेकडीच्या अंगाने वळत जाते, ती जागोजागी याहून उभी असू शकते.

पाचपट जोर म्हटल्यावर वाटतं की बॅटरी पाचपट वेगाने संपेल आणि हाच प्रॉब्लेम असेल. तसं नाहीये, आणि मला या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते. दिवसभरात सगळे चढ मिळून १०० मीटर उंची चढलात असं धरा, म्हणजे साधारण ३० मजली इमारत. १५० किलो १०० मीटर वर न्यायला भौतिकशास्त्राप्रमाणे लागतात फक्त ४० वॉट-तास. आणि सपाटीवर १० किलोमीटर फिरायला लागतात ८० वॉट-तास. फोल्डिंग खुर्चीतली २४ व्होल्ट १२ अँपिअर-अवरची छोटी लिथियम बॅटरीसुद्धा २८८ वॉट-तासांची असते. कागदावर सगळं आरामात बसतं.

मग दुपारी तीनला खुर्ची चढावर का अडते? कारण उंची नाही, उष्णता.

मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, करंटवर अवलंबून असतो, जोर पाचपट हवा तर करंट पाचपट. पण मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांत होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून पाचपट करंटला उष्णता पंचवीसपट. सपाटीवर जिथे ४ वॉट वाया जात होते तिथे आता १०० वॉट. जुन्या बोरघाटात चढावर बाजूला उभे राहून बॉनेट उघडून वाफा सोडणारे ट्रक ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको, टाकीत डिझेल भरपूर असतं पण गाडी पुढे जात नाही. खुर्चीत कंट्रोलर नावाचा डबा असतो, तो मोटर तापली की आपणहून करंट कमी करतो, म्हणजे चढावर अगदी मध्येच खुर्ची मलूल होते, आणि लोक म्हणतात चार्जिंग संपलं वाटतं.

यात पार्काची खास भर म्हणजे गर्दी. संध्याकाळी परेड सुटली की सगळे एकाच वाटेने वर निघतात, पुढे स्ट्रोलर, मागे स्ट्रोलर, आणि खुर्ची ताशी १ किलोमीटरने सरकत असते. हळू चाललोय म्हणजे मोटरला आराम असं वाटतं ना? उलट आहे. चढावर लागणारा जोर वेगावर अवलंबून नसतो, हळू गेलात तरी १५० न्यूटन लागणारच, म्हणजे करंट तेवढाच, उष्णता सेकंदाला तेवढीच, पण चढ चढायला लागणारा वेळ चौपट झाला तर उष्णताही चौपट साठणार. म्हणून सरकत राहण्यापेक्षा सरळ थांबा. जॉयस्टिक सोडली की मोटरवरचा ब्रेक स्प्रिंगने आपोआप लागतो (वीज असताना तो सुटतो, वीज गेली की लागतो, मुद्दाम उलटी रचना केलीय), तेव्हा उतारावर नुसतं उभं राहायला मोटरला करंट लागतच नाही. समोर जागा झाली की एका दमात वर. हे नातवंडांना सांगून ठेवा, त्यांना आजोबांच्या पुढे जाऊन रस्ता मोकळा करायला फार आवडतं.

तर खरेदी करताना विचारायचं काय, तर ही खुर्ची किती अंशाच्या चढासाठी आहे आणि तो आकडा किती वजनाला. अंश आणि टक्के यांत खूप गोंधळ होतो, १० टक्के चढ म्हणजे ५.७ अंश आणि १० अंश म्हणजे जवळजवळ १८ टक्के, विकणारे कधी हे लिहितात कधी ते, आणि नुसतंच "१२" लिहिलं असेल तर कशाचे १२ ते विचाराच. युरोपच्या इएन १२१८४ या मानकात तीन वर्ग आहेत, घरातल्या खुर्च्या ३ अंश, घरात आणि थोडं बाहेर ६ अंश, आणि दणकट बाहेरच्या १० अंश. अमेरिकेत मेडिकेअरची (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची) विभागणी वेगळी, ग्रुप २ च्या खुर्चीला किमान ६ अंशावर स्थिर राहावं लागतं आणि ७ मैल रेंज, ग्रुप ३ ला साडेसात अंश आणि १२ मैल, ग्रुप ४ ला ९ अंश आणि १६ मैल. मेडिकेअर मात्र घरातल्या घरात गरज असेल तरच खुर्चीचे पैसे देतं, पार्कात फिरायचंय हे कारण चालत नाही, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना तसाही त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी भाड्याची दणकट खुर्ची ही विकत घेतलेल्या हलक्या खुर्चीपेक्षा बरी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण हलकी खुर्ची म्हणजे हलक्या मोटरी, त्या गाडीच्या डिकीत बसतात म्हणून आपल्याला आवडतात, चढाला ते आवडत नाही.

आणि त्या १२ मैलांचं काय? रेंज मोजायची प्रमाणित पद्धत आयएसओ ७१७६ च्या चौथ्या भागात आहे, त्यात खुर्ची सपाट मैदानावर फिरवतात, किती वीज गेली ते मोजतात आणि त्यावरून अंतर काढतात. आकडा खोटा नसतो, फक्त तो तुमच्या पार्काचा नसतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर आणखी एक कात्री लागते, तिची क्षमता सहसा २० तासांत हळूहळू रिकामी करून सांगितलेली असते, तीच तासाभरात खेचली तर साधारण ६० टक्केच हाताशी येते. लिथियममध्ये हा तोटा बराच कमी, म्हणून चढाच्या जागी लिथियमला माझं मत, पण दणकट मोटर आणि लेड-अ‍ॅसिड विरुद्ध नाजूक मोटर आणि लिथियम अशी निवड असेल तर दणकट मोटर घ्या.

आता तोल, कारण मोटर थांबली तर वैताग होतो पण तोल गेला तर हॉस्पिटल. खुर्ची आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर आणि मागच्या चाकांच्या २५ सेंटीमीटर पुढे आहे असं धरा. तर खुर्ची मागे उलटायला साधारण २२ अंशाचा चढ लागेल, म्हणजे भरपूर मार्जिन. आता पाठीमागे १० किलोची सॅक लटकवा, जी आपण सगळेच लटकवतो, मागच्या चाकांच्या ३० सेंटीमीटर मागे. आकडा येतो १९-२० अंशावर. त्यात चढावर झटक्यात जॉयस्टिक पुढे ढकलली की त्या प्रवेगाने आणखी ६ अंश खाल्ले. राहिले १४, आणि पायाखाली चढ ६-७ अंशाचा असेल तर शिल्लक अर्धीच, तेवढ्यात पार्काच्या वाटेवर टाकलेल्या केबलवरचं रबरी झाकण आडवं आलं की पुढची चाकं उचलली जातात. म्हणून मागची छोटी अँटी-टिप चाकं कुणी काढून ठेवली असतील तर आधी लावा, सॅक सीटखाली ठेवा किंवा मुलांच्या पाठीवर द्या (त्यांनी कुरकुर केली तरी). सीट मागे कलण्याची सोय असेल तर चढताना ती सरळ ठेवायची, उतरताना थोडी मागे.

चाकांची रचना हाही मुद्दा आहे. मोटरची चाकं मध्ये असली की खुर्ची जागच्या जागी वळते, रांगेच्या रेलिंगमध्ये फार छान, पण उभा उतार संपून एकदम सपाटी लागते तिथे पुढची आणि मागची छोटी चाकं टेकतात, मधली अधांतरी होतात आणि नुसती फिरतात. मोटर मागच्या चाकांना असेल तर चढताना वजन मागे सरकतं त्यामुळे पकड चांगली मिळते, मात्र मागे उलटण्याची भीतीही तिथेच. पुढच्या चाकांना असेल तर उंचवटे सहज चढते पण चढावर पुढचं वजन कमी होऊन ओल्या रस्त्यावर घसरू शकते. डोंगराळ पार्कासाठी मी मागची मोटर आणि मोठी चाकं असलेली बघेन. तीन चाकी स्कूटर मात्र नको, आडव्या उतारावर वळताना ती कुशीवर जाते.

उताराबद्दल कुणी फारसं बोलत नाही. उतरताना मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत ढकलते, म्हणूनच खुर्ची रोखली जाते. आता तुमचं हॉटेल टेकडीवर आहे, रात्रभर चार्ज करून बॅटरी टच्च भरलीय आणि सकाळी निघाल्या निघाल्या मोठा उतार आहे, तर ती वीज जायची कुठे? बॅटरीचा व्होल्टेज वर जातो, कंट्रोलर हाय व्होल्टेजचा लाल दिवा लावतो आणि काही खुर्च्या तिथल्या तिथे थांबतात. घाबरायचं नाही, अगदी कमी स्पीडवर उतरायचं, किंवा आधी सपाटीवर थोडं फिरून घ्यायचं. उतार सुरू व्हायच्या आधीच स्पीड कमी करायचा, आणि मध्येच जॉयस्टिक झटकन सोडायची नाही, नाहीतर खुर्ची थांबते आणि माणूस पुढे येतो, म्हणून कंबरेचा पट्टा हवाच. आणि मोटर सुटी करून हाताने ढकलायचा जो खटका असतो त्याला उतारावर हात लावू नका, तो सरकवला की ब्रेकही सुटतो आणि १५० किलो तुमच्या हातात.

ट्रायल कुठे घ्यायची? शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नक्कीच नाही. जवळचं मल्टिलेव्हल पार्किंग रविवारी सकाळी रिकामं असतं, तिथला रॅम्प उत्तम. फोनमध्ये लेव्हलचं अ‍ॅप असतं, एक सरळ फळी रॅम्पवर ठेवून तिच्यावर फोन ठेवला की कोन कळतो. जो माणूस बसणार आहे त्यालाच बसवा, सामानासकट. रॅम्पच्या मध्यावर थांबवा, बघा मागे घरंगळते का, परत सुरू करा, असं दहा-बारा वेळा, मग मोटरच्या जवळ हात नेऊन बघा किती तापलीय. मग उतरा आणि मध्येच थांबून बघा किती फुटांत थांबते. दुकानदार याला नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

आणि जे लोक इथून घेऊन बाबांबरोबर पुण्याला पाठवणार आहेत त्यांच्यासाठी, विमानात फोल्डिंग खुर्चीतून काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंतच चालते, आणि ती काढून केबिनमध्ये बरोबर न्यावी लागते. वॉट-तास लिहिलेले नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, २४ गुणिले १२ म्हणजे २८८, चालेल, २४ गुणिले २० म्हणजे ४८०, अडवतील. एअरलाइनला बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघून घ्या, नुसतं ११० असेल तर पुण्यात पहिल्याच दिवशी उडेल.