खाऱ्या पाण्यात टिकलं, पावसानं कुजलं

जानेवारी १९५९. न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ऱ्होड आयलंडच्या पिअर्सन या दोघा चुलतभावांनी 'ट्रायटन' नावाची २८ फुटी शिडाची बोट मांडली. आराखडा कार्ल आल्बर्ग यांचा. बोटीचं अंग लाकडाचं नव्हतं. साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) यांचे थर देऊन ते घडवलेलं होतं, म्हणजे फायबरग्लासचं. पुढच्या आठेक वर्षांत अशा सुमारे ७०० बोटी पाण्यात उतरल्या. लाकूड मात्र पुरतं हद्दपार झालं नाही. डेकच्या कडेची पट्टी, कॉकपिटभोवतीच्या, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या खोलगट जागेभोवतीच्या, उभ्या फळ्या, हात धरायचे दांडे हे सगळं लाकडीच राहिलं. कडेच्या पट्टीमुळे बोट कलली तरी पाय घसरत नाही आणि अंग व डेक यांच्यातला सांधा झाकला जातो. पण खरं कारण थोडं हौसेचंही असावं. नुसतं प्लास्टिक डोळ्यांना बोडकं वाटतं.

आज त्या पिढीतल्या कितीतरी बोटींचं फायबरग्लास धडधाकट आहे आणि लाकूड गेलेलं आहे. वरून व्हार्निश चकाकत असतं, पण स्क्रूजवळ टोचणी लावली की ती चहात बुडवलेल्या टोस्टात जावी तशी आत जाते. मालक म्हणतो, "खारं पाणी लागलं, दुसरं काय!" इथेच तो चुकतो.

लाकूड कुजतं ते बुरशीमुळे. बुरशीला हवा, ऊब आणि पाणी लागतं, आणि पाणीही बेतानं नव्हे, भरपूर. लाकडाच्या पेशींच्या भिंती साधारण ३० टक्के ओलाव्याला पूर्ण भिजतात. त्यापुढचं पाणी पेशींच्या पोकळीत मोकळं साठतं आणि तिथे बुरशीचं फावतं. ओलावा २० टक्क्यांखाली राहिला, तर तेच लाकूड शतकभर कुजत नाही. आपल्या जुन्या वाड्यांमधल्या तुळया अजून उभ्या आहेत त्या याच हिशेबानं.

मिठाचं काम उलट आहे. खारवलेला बांगडा किंवा बरणीतलं लोणचं ज्या कारणानं टिकतं, त्याच कारणानं खारट लाकूडही टिकतं. मीठ बुरशीच्या पेशींतलं पाणी ओढून घेतं. न्यू इंग्लंडचे जुने जहाजबांधणीवाले तर फासळ्यांमधल्या पोकळ्यांत मुद्दाम खडेमीठ भरत. समुद्राचं पाणी लाकडाचं वाकडं करतं ते जहाजकिड्याच्या रूपानं. हा किडाही खरा किडा नव्हे, शिंपल्याचा लांबोडका भाऊबंद आहे. पण त्याला पाण्याखालचं लाकूड लागतं. डेकवरच्या पट्टीपर्यंत त्याची मजल जात नाही. तिथे पोचतो तो पाऊस आणि पहाटेचं दव. म्हणजे गोडं पाणी.

आता हे पाणी आत कसं शिरतं ते पाहू, कारण सगळी दुरुस्ती त्यावरच ठरते.

पावसाळ्यात फुगून चौकटीला घासणारं दार सगळ्यांनी पाहिलेलं असतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रुंदीत. तेही सगळीकडे सारखं नाही: वाढीच्या वलयांना समांतर दिशेत ते वलयांच्या आडव्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट हलतं. ओल्या सागाला पूर्ण वाळवलं तर एका दिशेत तो सुमारे २.५ टक्के आकसतो, दुसऱ्या दिशेत सुमारे ५.८ टक्के. लाकडांच्या जगात हे आकडे कमीच आहेत. तरीही साडेसात सेंटिमीटर रुंद पट्टीतला ओलावा दहा टक्क्यांनी वरखाली झाला, तर ती दीडेक मिलिमीटर हलू शकते. खालचं फायबरग्लास मात्र जागचं हलत नाही. एक रोज श्वास घेणारं आणि एक दगडासारखं, अशा दोघांना स्क्रूंनी बांधून ठेवलेलं. मधली फट बुजवणारी जुनी पुट्टी वाळून कडक झालेली असते. ती तडकते आणि केसाएवढी फट पडते. पट्टीची उघडी टोकं आणि स्क्रूची भोकं हे तर राजमार्गच. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे कापलेल्या असतात, त्यामुळे टोकातून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगानं ओढलं जातं.

या ओलीत स्टेनलेस स्टीलचीही फसगत होते. त्याचा न गंजण्याचा गुण क्रोमियम ऑक्साइडच्या अतिपातळ थरामुळे असतो आणि तो थर पुन्हा पुन्हा भरून यायला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात रुतलेल्या स्क्रूला तो मिळत नाही. डोकं चकचकीत, मान कुरतडलेली, असा स्क्रू काढताना हमखास तुटतो. म्हणून जाणकार सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू वापरतात.

जुनी पट्टी निघाल्यावर घाईनं नवी बसवू नये. त्या काळच्या बऱ्याच डेकच्या पोटात, फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये, हलकं बाल्सा लाकूड आहे. स्क्रूच्या भोकांतून उतरलेलं पाणी तिथवर गेलेलं असू शकतं. लाकडी मुठीच्या हातोडीनं डेक ठोकत जावं. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत लगदा. बाल्सा कोरडं असेल, तरी प्रत्येक भोक गिरमिटानं मोठं करून, इपॉक्सीनं (दगडासारख्या घट्ट होणाऱ्या गोंदानं) भरून, मग त्यातूनच नव्यानं पाडायचं. पुढे कधी पाणी आलंच तर इपॉक्सीला भिडेल, बाल्साला नाही.

नवं लाकूड कुठलं? साग, असं कोणीही सांगेल, आणि त्यात मुंबईचा वाटा आहे. वाडियांनी मुंबईच्या गोदीत मलबारी सागाचं बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. सागाच्या अंगात तेल असतं, त्यातली काही द्रव्यं बुरशी व वाळवीला नकोशी वाटतात. शिवाय ओकमधलं टॅनिन लोखंडाला खातं तसा त्रास साग देत नाही. अडचण पुरवठ्याची आहे. म्यानमारनं २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि २०२१ च्या लष्करी बंडानंतर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिकेनं व युरोपीय संघानं निर्बंध घातले. त्यामुळे पट्टीचा फक्त तुकडाच कुजला असेल, तर तेवढाच बदलणं शहाणपणाचं. तिथे सरळ आडवा काप देऊन टोकाला टोक चिकटवलं तर उघड्या नळ्या गोंद पिऊन टाकतात आणि सांधा सुटतो. म्हणून लांबलचक तिरपा काप देतात. पट्टी एक इंच जाड असेल तर काप आठ ते बारा इंच लांब. मग गोंद बहुतांशी रेषांच्या अंगाला धरतो. चिकटवण्याच्या अगदी आधी सागाचा पृष्ठभाग ॲसिटोननं पुसतात, नाहीतर त्याचं नावाजलेलं तेलच गोंदाला नाट लावतं.

मग येतो वाकवण्याचा प्रश्न. बोटीची कड कुठेच सरळ नसते. इंचभर जाडीची फळी बोटीच्या वळणावर बसवायला गेलात तर ती कडाडून मोडेल. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं लिग्निन ओल्या उष्णतेत, शंभरेक अंशांना, मऊ पडतं. वाफेच्या पेटीत इंचाला एक तास हा जुना अंदाज. बाहेर काढल्यावर हातात मिनिटभरही नसतो. मऊ झालेलं लाकूड दाबलं तर बरंच आकसून घेतं, ताणलं तर दोनेक टक्क्यांतच फाटतं. म्हणून बाहेरच्या बाजूनं पोलादी पट्टा लावतात, की ताण त्यानं सोसावा.

ओक, ॲश ही लाकडं वाफेला चांगली मानतात. साग जरा हट्टी आहे. मला स्वतःला दुसरी युक्ती आवडते. लाकडाची वाकण्याला होणारी आडकाठी जाडीच्या घनानं बदलते: जाडी निम्मी केली की जोर आठव्या हिश्शाचा लागतो. एका जाड पट्टीच्या चार पातळ पट्ट्या चिरल्या तर प्रत्येक पट्टी चौसष्टाव्या हिश्शाच्या जोरात वाकते. चारही मिळून मूळच्या सोळाव्या हिश्शाचाच जोर. मध्ये इपॉक्सी लावून शिकंज्यांत कसायच्या. गोंद सुकला की त्या एकमेकींवर सरकू शकत नाहीत आणि पुन्हा जाड पट्टीसारख्या ताठ होतात, पण आता वाकलेल्या आकारात.

बसवताना खाली पुन्हा जन्मभराचा चिकट गोंद लावू नये. कडक पॉलियुरेथेन इतकं धरतं की पुढच्या वेळी पट्टीबरोबर बोटीचा वरचा थरही सोलून येतो. लवचीक पॉलिसल्फाइड बरं, ते लाकडाबरोबर ताणलं जातं. स्क्रू पहिल्याच दिवशी करकचून आवळले तर ते सगळं बाहेर पिळून निघतं, म्हणून आधी बेतानंच आवळायचे.

स्क्रूची डोकी लाकडी बुचांनी झाकतात. बुचाच्या रेषा पट्टीच्या रेषांशी जुळवायच्या, म्हणजे पटाशीनं वरचा भाग छाटताना चिरा खोल जात नाहीत. बूच चिकटवायला इपॉक्सी नव्हे, व्हार्निशचा एक थेंब पुरतो. कधीतरी हाच स्क्रू पुन्हा काढायचा आहे.