इनहॉस्पिटेबल: कोणाला?

सियाचेन, अंटार्क्टिका किंवा मंगळाबद्दलच्या इंग्रजी बातमीत 'इनहॉस्पिटेबल' हे विशेषण हमखास भेटते. तग धरणे कठीण अशी जागा. मराठीत प्रसंग पाहून प्रतिकूल किंवा ओसाड म्हणून भागते. 'दुर्गम' मात्र दरवेळी चालत नाही. तिथे अडचण पोहोचण्याची असते, राहण्याची नव्हे. उच्चारात जोर 'हॉस'वर द्या की 'पि'वर, दोन्ही चालते.

शब्दाचे मूळ लॅटिन. 'होस्पेस' म्हणजे यजमान आणि पाहुणाही. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही सगळी त्याच घराण्यातली. पण पाहुण्याला थारा न देण्याचा ठपका जागेवर ठेवण्याची खोड इंग्रजीहून कितीतरी जुनी. ग्रीक लोक काळ्या समुद्राला आधी 'अक्सेइनोस', म्हणजे परक्याला थारा न देणारा, म्हणत. पुढे त्याचेच 'एउक्सेइनोस', म्हणजे आतिथ्यशील, झाले. तोवर किनाऱ्यावर त्यांच्याच वसाहती उभ्या राहिल्या होत्या!

मुंबईनेही हा शेरा सोसला आहे. 1661च्या तहाने हे बेट आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाकडे आले आणि 1668 साली वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला मिळाले. 1689 मध्ये इथे उतरलेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने लिहून ठेवले की मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. भरतीचे पाणी वरळी-महालक्ष्मीच्या खिंडीतून आत शिरे आणि मागे दलदल ठेवून जाई. साहेबांचा राग मात्र माडांच्या बुंध्याशी घातलेल्या कुजक्या मासळीच्या खतावर. त्या वासानेच हवा बिघडते, असा त्यांचा समज. मलेरिया डासांमार्फत पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉसच्या हाती लागला तो थेट 1897 साली. खिंड त्याच्या शतकभर आधीच हॉर्नबी वेलार्ड नावाच्या बांधाने बुजवली होती.

याच बेटावर कोळी आणि भंडारी इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून नांदत होते. म्हणून कोणी एखाद्या जागेला इनहॉस्पिटेबल म्हटले की पुढचा प्रश्न 'कोणाला?' हाच असायला हवा. वाळवंटाबद्दल तो विचारला की धनगर आणि उंटवाले आठवतात.

शहरात तर अशी जागा मुद्दाम घडवताही येते. 2018 साली फोर्टमधल्या एका बँकेच्या दारात, कोणी टेकू नये म्हणून लोखंडी टोकदार खिळे बसवले गेले. लोकांनी ओरड केल्यावर ते काढावे लागले.