अंगकाठी की कसब (आइस हॉकीतील ड्राफ्ट)

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) नवे खेळाडू निवडताना उंची-वजनाला किती महत्त्व द्यायचे आणि स्केटिंग, पकवरचा ताबा व खेळाची समज यांना किती, याबद्दलचा हा जुना वाद आहे. आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदानी हॉकीच डोळ्यांसमोर येते. या नोंदीतला खेळ बर्फावरचा आहे आणि पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) ज्याच्याकडे आहे त्याला अंगाने धडक देणे त्यात नियमाला धरून असते. वादाचे मूळ याच नियमात आहे. कुमार गटाच्या कबड्डीत वजनाची मर्यादा असते, इथे तसली कुठलीच सोय नाही.

खेळाडूंची ही वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, 1963 साली माँट्रियलमध्ये सुरू झाली. आता 32 संघ 7 फेऱ्यांत 224 खेळाडू निवडतात. बहुतेक मुले अठरा वर्षांची असतात. त्यांतला कोण तेविसाव्या वर्षी कसा खेळेल, याचा अंदाज संघांच्या स्काउटना, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांना, आजच बांधायचा असतो. उंची फुटपट्टीने मोजता येते. पास देण्यापूर्वी मुलगा मान वळवून काय पाहतो, हे मात्र थंडगार रिंकमध्ये रात्रीमागून रात्र बसल्याशिवाय कळत नाही, आणि दोन अनुभवी स्काउटांचे त्यावर एकमत होईलच असे नाही. शिवाय धिप्पाड मुलगा फसला तर ‘देहयष्टी तर होती’ असे म्हणता येते. बुटका फसला तर निवडणाऱ्याचेच हसे होते. उंचीकडे झुकण्यामागे हा बचावाचा विचारही असतो.

तरी उंचीचा आग्रह निव्वळ अंधश्रद्धा नाही. एनएचएलची रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असते. युरोपात रूढ असलेल्या सुमारे 30 मीटर रुंद रिंकपेक्षा ती चांगलीच अरुंद असल्याने अंग चोरून निसटायला जागा कमी मिळते. कठड्याला खेटून पकसाठी होणारी झोंबाझोंबी आणि गोलजाळ्यासमोर पाय रोवून उभे राहणे ही वजनदारांची कामे. बचावपटूचे लांब हात आणि लांब काठी मिळून समोरच्याची वाटच अडवतात. 6 फूट 9 इंचांचा झ्देनो चारा 1996 साली तिसऱ्या फेरीत, 56व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे 2009 मध्ये त्याला सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक मिळाला. गोलरक्षकांच्या बाबतीत तर वाद जवळपास मिटलाच आहे : सहा फुटांखालचा गोलरक्षक आता अपवादानेच दिसतो, नॅशव्हिलचा युसे सारोस त्यांपैकी एक.

1974 आणि 1975 मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्सनी दांडगाईच्या खेळावर स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला, तेव्हापासून धिप्पाड खेळाडूंचे आकर्षण वाढत गेले. 1991 च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला 6 फूट 4 इंचांचा एरिक लिंड्रॉस हा त्या आकर्षणाचा आदर्श होता, कारण त्याच्याकडे कसबही तितकेच होते. इतरांना बहुतेक वेळा त्यातला अर्धाच भाग सापडला. नव्वदच्या दशकात मधल्या पट्ट्यात प्रतिस्पर्ध्याला अडकवून ठेवण्याचे डावपेच फोफावले, गोल आटले आणि चपळ खेळाडूंची कोंडी झाली.

या काळातले नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे 2003 साली न्यूयॉर्क रेंजर्सनी 12व्या क्रमांकावर घेतलेला 6 फूट 6 इंचांचा ह्यू जेसिमन. तो एनएचएलमध्ये फक्त 2 सामने खेळला, तेही दुसऱ्याच संघाकडून. पण हे उदाहरण वापरताना जरा जपून. त्याच फेरीत त्याच्यानंतर निवडलेले रायन गेट्झलाफ, ब्रेंट बर्न्स आणि कोरी पेरी हे तिघेही सव्वासहा फुटांच्या घरातले किंवा त्याहून उंचच होते. उंच मुलगा घेतला ही रेंजर्सची चूक नव्हती. उंचांमधला नेमका कोण, हे त्यांना ओळखता आले नाही.

2004-05 चा हंगाम मालक-खेळाडू वादात रद्द झाला. त्यानंतर काठीने अडवणे, पकडून ठेवणे यांवर पंच कडक झाले, लांब पासवरचे बंधन उठले आणि वेगाला भाव आला. बुटक्यांनी त्याआधीही स्वतःला सिद्ध केले होते. साडेपाच फुटांचा थिओ फ्ल्यूरी 1987 मध्ये 166वा निवडला गेला आणि त्याने एनएचएलमध्ये 455 गोल केले. मार्टिन सेंट लुईला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नाही. 2004 साली त्याला सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक आणि स्टॅन्ली कप दोन्ही मिळाले. पावणेसहा फुटांचा जॉनी गॉड्रो 2011 मध्ये 104वा होता. अशा यादीतून ‘बुटकेच सरस’ असा निष्कर्ष निघत नाही. ज्यांना आधी इतक्या चाळण्यांतून जावे लागते, त्यांतले उरलेले कसदारच असतात, एवढेच.

मोजमापांचा मोठा सोहळा म्हणजे ड्राफ्टपूर्वीची शारीरिक चाचणी, कंबाइन. 2014 मध्ये तिथे सॅम बेनेटला एकही पुल-अप काढता आला नाही आणि त्याची बरीच चर्चा झाली. कॅल्गरीने त्याला तरीही चौथ्या क्रमांकावर घेतले. 2025 मध्ये फ्लोरिडा पँथर्सकडून तो प्लेऑफचा, म्हणजे स्टॅन्ली कपसाठीच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि ओळख मिळवली ती धसमुसळ्या खेळाची.

प्लेऑफ जवळ आले की पारडे पुन्हा वजनाकडे झुकते. 2018-19 मध्ये टँपा बे लाइटनिंगने 62 सामने जिंकले, पण पहिल्याच प्लेऑफ फेरीत कोलंबसने त्यांना 4-0 असे घरी पाठवले. संघाने नजाकतीचे खेळाडू ठेवले, जोडीला पॅट मरून, ब्लेक कोलमन, बार्कले गुड्रो असे कष्टाळू, धडकेला न कचरणारे गडी आणले आणि 2020 व 2021 चे कप जिंकले.

माँट्रियल कॅनेडियन्सनी 2022 मध्ये एकाच ड्राफ्टमध्ये वादाच्या दोन्ही बाजू जवळ केल्या. ड्राफ्टमधल्या पहिल्या निवडीचा मान त्यांनी सव्वासहा फुटांच्या युराय स्लाफकोव्स्कीला दिला. बीजिंग ऑलिंपिकमध्ये 7 गोल करून तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. 62व्या क्रमांकावर त्यांनी बुटक्या बचावपटू लेन हटसनला घेतले. आपली उंची अजून वाढणार आहे, असे डॉक्टरांचे पत्र तो संघांना दाखवत होता. 2024-25 मध्ये 66 गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) मिळवून त्याने सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक पटकावला. दोघांचाही प्रशिक्षक तेव्हा मार्टिन सेंट लुई होता.