ट्रान्सफर करताना बघतो ते आकडे आले कुठून?

फॅन्टसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा आभासी संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ. त्यात ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करायच्या डेडलाइनआधी आपण जे आकडे चाळतो, त्यातला क्वचितच एखादा फॅन्टसी खेळणाऱ्यांसाठी म्हणून जन्माला आला. पासांची मोजणी हवाई दलातल्या एका हिशेबनिसाने सुरू केली, ती प्रशिक्षकांना सल्ला देता यावा म्हणून. क्लीन शीटची, म्हणजे संघाने एकही गोल न खाण्याची, शक्यता काढायचं गणित बुकींच्या भावांतल्या चुका शोधताना घडलं. प्रत्येक शॉटची पद्धतशीर नोंद आधी टीव्ही आणि वर्तमानपत्रांना हवी होती. आज याच उसन्या आकड्यांवर लाखो लोक कुणाला घ्यायचं आणि कुणाला विकायचं ते ठरवतात. एखादा आकडा कशासाठी तयार झाला होता हे माहीत असलं, की त्याच्यावर किती भिस्त ठेवायची तेही कळतं. म्हणून हा मागोवा.

सुरुवात हवाई दलातल्या त्या हिशेबनिसापासून, चार्ल्स रीपपासून करायला हवी. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्स यांच्या सामन्यात पहिल्या हाफमधली निष्फळ आक्रमणं पाहून हा माणूस वैतागला आणि दुसऱ्या हाफमध्ये वही-पेन्सिल काढून प्रत्येक चाल टिपू लागला. पुढची अनेक दशकं तो हेच करत राहिला. अंधारात लिहिता यावं म्हणून खाणकामगारांचं दिव्याचं हेल्मेट घालून तो स्टेडियममध्ये बसायचा. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्याने रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, हे त्याच्या मोजणीचं गाजलेलं सार. त्यावरून त्याने लांब पासांच्या थेट खेळाची तरफदारी केली आणि इंग्लंडमधल्या काही प्रशिक्षकांनी ती उचलून धरली.

मोजणी बरोबर होती, निष्कर्ष चुकला. फुटबॉलमध्ये बहुसंख्य चाली मुळातच तीन पासांच्या आत संपतात, मग गोलही त्यांच्यातूनच जास्त होणार. प्रत्येक चालीमागे किती गोल, असं पाहिलं तर चित्र बदलतं. माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स यांनी २००५ मध्ये ते दाखवून दिलं. ही चूक इतिहासजमा झाली असं समजायचं कारण नाही. एकूण शॉटच्या यादीत वरच्या नंबरावर आहे म्हणून एखाद्याला संघात घेणं ही तीच चूक. तो पूर्ण नव्वद मिनिटं खेळतो आणि यादीत खाली असलेला दुसरा पंचावन्न मिनिटांत बाहेर येतो, एवढाच फरक दोघांत असू शकतो. दर नव्वद मिनिटांमागे किती, हा प्रश्न आधी विचारायचा. मात्र तो पंचावन्न मिनिटंच का खेळतो, हे विचारायलाही विसरायचं नाही.

फॅन्टसीचा खेळ स्वतंत्रपणे, अटलांटिकच्या पलीकडे उगवला. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघात भागीदारी असलेल्या बिल विंकेनबाख यांनी मित्रांसोबत पहिली लीग काढली. आपल्या फुटबॉलमध्ये तो १९९१ मध्ये अँड्र्यू वाइनस्टीन यांनी ब्रिटनमध्ये रुजवला. १९९४ मध्ये डेली टेलिग्राफने आपली स्पर्धा सुरू केली, बीबीसीवर फॅन्टसी फुटबॉलच्या नावाचा विनोदी कार्यक्रम आला आणि खेळ घराघरांत पोचला. तेव्हा खेळणाऱ्याच्या हाती असायचं ते पेपरातलं: कोण खेळलं, गोल कुणी केला, कार्ड कुणाला मिळालं. एवढ्यावर निवड करायची म्हणजे नावावर आणि नजरेवर विश्वास टाकायचा.

१९९६ मध्ये ऑप्टा ही कंपनी आली आणि इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमधला चेंडूला झालेला प्रत्येक स्पर्श नोंदवायला सुरुवात झाली. त्यानंतर २००२-०३ च्या मोसमात प्रीमियर लीगने स्वतःचा अधिकृत फॅन्टसी खेळ सुरू केला. आकड्यांना महत्त्व आलं ते या खेळाच्या घडणीमुळे. १०० दशलक्ष पौंडांत १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, दर गेमवीकला (सामन्यांच्या एका फेरीला) एक फुकट ट्रान्सफर आणि त्यापुढच्या प्रत्येक ट्रान्सफरला चार गुणांचा दंड. चार गुण म्हणजे स्ट्रायकरचा एक गोल. हिट घेऊन, म्हणजे हा दंड सोसून, आणलेला खेळाडू, घालवलेल्या खेळाडूपेक्षा चार गुण जास्त देईल अशी खात्रीशीर कारणं असतील तरच तो व्यवहार पटतो. फुकट ट्रान्सफर साठवायची मर्यादा बरीच वर्षं दोन होती, २०२४-२५ पासून ती पाच झाली. त्यामुळे थांबणंही एक चाल ठरली आणि 'पुढचे सहा सामने' हा विचार 'या शनिवारी' या विचारापेक्षा जड झाला.

सुरुवातीच्या वर्षांत सगळे गुणांमागे धावायचे. गेल्या आठवड्यात कुणी मोठी मजल मारली, त्याला आणा. खेळातला 'फॉर्म'चा रकाना आजही गेल्या तीस दिवसांतल्या गुणांची सरासरीच दाखवतो. त्यात अडचण अशी की गुण ढोबळ असतात. बचावपटूच्या पायाला लागून वळलेला चेंडू जाळ्यात गेला तरी गोलचे गुण पूर्ण मिळतात, त्यावर बोनसही मिळतो. तोच खेळाडू पुढच्या आठवड्यात दुप्पट चांगला खेळला आणि गोलकीपरने तीन अप्रतिम बचाव केले, तर हाती दोन गुण येतात. जे झालं त्याची ही पावती आहे, पुढे काय होईल याचा अंदाज तिच्यातून फारसा निघत नाही.

ही कोंडी फोडली एक्सजीने, म्हणजे प्रत्येक शॉट गोल होण्याची शक्यता मोजणाऱ्या 'अपेक्षित गोलां'नी. त्याची मुळं विद्यापीठांत आहेत. २००४ मध्ये एन्सम, पोलार्ड आणि टेलर यांनी शॉटचं गोलपासूनचं अंतर, कोन आणि जवळ बचावपटू आहे की नाही, अशा गोष्टींवरून गोलची शक्यता काढली होती. एप्रिल २०१२ मध्ये ऑप्टाच्या सॅम ग्रीनने प्रीमियर लीगच्या गोलवीरांना हीच फूटपट्टी लावली आणि चर्चा विद्यापीठाबाहेर पडली. त्याच वर्षी मँचेस्टर सिटीने २०११-१२ च्या संपूर्ण मोसमाचा ऑप्टाचा तपशील हौशी अभ्यासकांसाठी खुला केला. माझ्या मते या क्षणाचं मोल पुरेसं ओळखलं जात नाही. क्लबच्या बंद खोलीतली सामग्री पहिल्यांदाच सामान्य चाहत्याच्या हाती आली, आणि तिच्यावर काम करून शिकलेल्यांची एक पिढी उभी राहिली. २०१७ मध्ये बीबीसीच्या मॅच ऑफ द डे कार्यक्रमात एक्सजी दिसू लागला, आणि २०२२-२३ पासून तो फॅन्टसी प्रीमियर लीगच्या स्वतःच्या रकान्यांत येऊन बसला.

ट्रान्सफर ठरवताना तो कसा वापरायचा ते एका उदाहरणात नीट पाहू. समजा, एका स्ट्रायकरने दोन सामन्यांत दोन गोल केले. एक तीस यार्डांवरून, एक्सजी ०.०४, दुसरा पेनल्टीवर, एक्सजी ०.७९. बाकी काहीच नाही. दुसऱ्या स्ट्रायकरला तेवढ्याच वेळात चार चांगल्या संधी मिळाल्या, प्रत्येकी ०.४, आणि चारही हुकल्या. गुणांच्या यादीत पहिला कितीतरी वर आहे. पण पेनल्टी बाजूला काढली तर पहिल्याकडे जवळपास काही उरत नाही, आणि दुसऱ्याच्या पायाशी १.६ गोल येऊन गेले. चारही संधी हुकण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६, असं चारदा केलं की साधारण १३ टक्के येते. अशी कामगिरी करणाऱ्या आठ खेळाडूंतला एक जण काहीही न बिघडता रिकाम्या हाताने घरी जाणारच. लोक नेमकं त्यालाच विकतात, आणि त्याचा भाव उतरतो तेव्हाच तो घेण्याजोगा असतो.

म्हणून पेनल्टी वगळून एक्सजी बघायची सवय लावायला हवी आणि पेनल्टी घेणारा कोण, हा प्रश्न वेगळा विचारायला हवा. एक्सजीने खेळाडूंची नावं पुसून टाकली आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. तीच जागा, तोच कोन, म्हणजे तीच शक्यता, मग चेंडू कुणाच्याही पायाशी असो. टॉटनमकडून खेळताना सॉन ह्युंग-मिन वर्षानुवर्षं आपल्या एक्सजीपेक्षा जास्त गोल करत राहिला. २०२१-२२ मध्ये त्याने आणि मोहम्मद सलाहने प्रत्येकी २३ गोल करून सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट वाटून घेतला. सलाहच्या गोलांत पाच पेनल्टी होत्या, सॉनच्या गोलांत एकही नव्हती. 'हा आता थंड पडणार' असं म्हणून त्याला विकणाऱ्यांचं नुकसान झालं. दोन्ही पायांनी सारखाच अचूक फटका मारणारा खेळाडू सरासरीकडे परत यायचं बंधन पाळत नाही. असे अपवाद मात्र थोडे, आणि त्यांना ओळखायला अनेक मोसमांचा पुरावा लागतो. सहा आठवडे पुरत नाहीत.

बचावपटूंच्या बाबतीत गणित आणखी जुनं आहे. १९८२ मध्ये मायकेल माहर यांनी संघांची आक्रमणाची आणि बचावाची ताकद वेगवेगळी मोजून पॉयसाँ वितरणाने (सरासरीवरून नेमके किती गोल होण्याची किती शक्यता, हे सांगणाऱ्या सूत्राने) गोलसंख्येचं प्रारूप मांडलं. १९९७ मध्ये मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी ते सुधारलं. कमी गोलांच्या निकालांची दुरुस्ती केली आणि ताज्या सामन्यांना जास्त वजन दिलं. याचा फॅन्टसीतला उपयोग थेट आहे. समोरचा संघ सरासरी १ गोल करेल असा अंदाज असेल, तर क्लीन शीटची शक्यता सुमारे ३७ टक्के. अंदाज १.५ चा असेल तर २२ टक्के, ०.७ चा असेल तर जवळपास निम्मी. क्लीन शीटचे चार गुण या टक्केवारीने गुणले, की दोन बचावपटूंतला फरक बऱ्याचदा एका गुणाच्याही आत आहे हे दिसतं. एवढ्यासाठी चार गुणांची हिट कशी परवडणार? पुढचा सामना किती अवघड हे दाखवायला फॅन्टसीच्या खेळात दिलेले रंग यापुढे फारच भरड वाटतात, कारण समोरच्या संघाचं आक्रमण आणि बचाव ते एकाच अंकात कोंबतात. आक्रमक पण गळका संघ समोर असेल तर आपला स्ट्रायकर हवा, बचावपटू नको. एका रंगातून हे कळत नाही.

काही उत्तम खरेदींत आकडे मागून आले. २०१५-१६ च्या सुरुवातीला लेस्टर सिटीचा रियाद महरेझ ५.५ दशलक्षांना मिळत होता. मोसमाअखेर २४० गुणांसह तो सर्वांत वर होता. २०१९-२० मध्ये शेफील्ड युनायटेडचा जॉन लंडस्ट्रॅम ४ दशलक्षांचा 'बचावपटू' होता, प्रत्यक्षात मात्र तो मिडफिल्डमध्ये खेळत होता. बचावपटू म्हणून त्याचा प्रत्येक गोल सहा गुणांचा, आणि संघाने गोल खाल्ला नाही तर चार गुण वेगळे. त्याच्यासाठी प्रारूपाची गरज नव्हती, सामना बघणं पुरेसं होतं.

यंत्रांची गोष्टही या इतिहासात येते. २०१२ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक संगणकीय मॅनेजर मांडला. २०१०-११ च्या मोसमावर तपासला असता तो सुमारे २५ लाख माणसांच्या तुलनेत पहिल्या एक टक्क्याच्या आसपास पोचला. २०१९-२० ची स्पर्धा ऑक्सफर्डमधल्या जोशुआ बुल या गणितज्ञाने जिंकली, आणि बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन त्याच मोसमात दहावा आला. संख्येची समज असलेल्यांना इथे वाव आहे, यात शंका नाही.

मात्र सगळ्या प्रारूपांची एक जागा अजून कच्ची आहे: खेळाडू किती मिनिटं खेळेल? साठ मिनिटांना दोन गुण, त्याआधी बाहेर पडला तर एक, आणि बचावपटूची क्लीन शीट साठ मिनिटांशिवाय मिळतच नाही. २०२२-२३ पासून पाच बदली खेळाडूंचा नियम प्रीमियर लीगमध्ये कायम झाला, तेव्हापासून हा अंदाज आणखी अवघड झाला. मँचेस्टर सिटीत पेप ग्वार्डिओला या प्रशिक्षकाच्या आक्रमक खेळाडूंवर पैसे लावणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. इथे पत्रकार परिषद ऐकणं, आठवड्याच्या मध्यातला युरोपियन सामना मोजणं आणि दुखापतीतून परतलेल्याला एक आठवडा देणं, हेच अजून कामी येतं. दर नव्वद मिनिटांचे सुंदर आकडे बाकावर बसलेल्या खेळाडूला एकही गुण मिळवून देत नाहीत.

आकडे सर्वांच्या हाती आले तसे संघही एकमेकांसारखे झाले. २०२२-२३ मध्ये एक कोटीहून जास्त संघ नोंदले गेले आणि मँचेस्टर सिटीचा स्ट्रायकर अर्लिंग हालांड त्यांतल्या बहुतेकांत होता. तो ३६ गोल करत असताना त्याला न घेणं हा जुगार होता, घेणं ही फक्त बरोबरी. वेगळेपण शोधायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या मिडफिल्डरमध्ये आणि चौथ्या बचावपटूत.

आणि त्या चौथ्या बचावपटूचंच गणित २०२५-२६ मध्ये बदललं. क्लिअरन्स (चेंडू दूर सारणं), ब्लॉक (फटका अडवणं), इंटरसेप्शन (पास मध्येच पकडणं) आणि टॅकल (चेंडू हिसकावणं) मिळून दहा झाले की बचावपटूला दोन गुण मिळू लागले. मिडफिल्डर आणि फॉरवर्ड यांच्यासाठी रिकव्हरी (सुटा चेंडू ताब्यात घेणं) धरून बाराची अट आली. ऑप्टाच्या नोंदींत हे सगळं वर्षानुवर्षं पडून होतं, फॅन्टसीवाल्यांना फक्त बोनसपुरतं त्याचं अप्रत्यक्ष महत्त्व होतं. आता सतत दबावाखाली खेळणाऱ्या तळाच्या संघाचा सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटूही घेण्याजोगा झाला. पण इथे सरासरी फसवते. दर सामन्याला नऊची सरासरी असलेला एक जण कधी चौदा, कधी चार करतो आणि निम्म्या वेळा गुण घेऊन जातो. दुसरा दर वेळी नऊवर अडकतो आणि त्याच सरासरीवर त्याला जवळपास काहीच मिळत नाही. म्हणून या रकान्यात बेरीज बघण्याऐवजी दहाचा टप्पा किती सामन्यांत ओलांडला ते मोजावं, आणि ते सामने कोणत्या संघांविरुद्ध होते तेही शेजारी लिहून ठेवावं.