मेडिक्लेम वेगळा, प्रवास विमा वेगळा: बर्फावर स्कीइंगला निघालेल्यांसाठी

आंबिया बहाराची संत्री विकून झाली, तूर घरात आली, की आमच्या वरूड-मोर्शीकडच्या पोरांना थोडी उसंत मिळते. नेमका तोच काश्मीरातल्या गुलमर्ग आणि उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगचा हंगाम असतो. कोणी तिथल्या संस्थेत रीतसर कोर्स करतो, कोणी चार दिवस बर्फावर घसरून येतो. जावंच, खुशाल जावं. पण विम्याचं विचारलं की दोनच उत्तरं ऐकू येतात. "मेडिक्लेम आहे न भाऊ, अजून काय पाहिजे?" नाही तर "प्रवास विमा काढला न, आता मेडिक्लेमचं काय काम?" एकाचं काम दुसरा करत नाही, हे सांगून सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

मेडिक्लेम तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात भरती झालात, साधारण २४ तास राहिलात किंवा डे-केअर यादीतली, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशी शस्त्रक्रिया झाली, की बिलाचे पैसे मिळतात. नव्या पॉलिसीला पहिले ३० दिवस थांबावं लागतं, पण अपघाताला ती अट नाही. प्रवास विमा सहलीपुरता असतो: घराबाहेर असताना आलेली तातडीची वैद्यकीय गरज, हरवलेलं सामान, रद्द झालेली सहल, लांबलेलं विमान. बॅग आणि विमानाच्या कलमांवर लोक तासभर चर्चा करतात. माझ्या मते त्यात वेळ घालवू नये. बॅग गेली तर फार तर दोन स्वेटर जातील.

खरा घोळ साहसी खेळांच्या कलमात आहे, आणि तो बहुतेकांना उलटा वाटतो. समजूत अशी, की मेडिक्लेम साध्या आजारपणासाठी, त्यात स्कीइंगचं काही मिळायचं नाही, आणि प्रवास विमा तर सहलीसाठीच घेतला, मग त्यात सगळं आलंच. प्रत्यक्षात बऱ्याचदा याच्या उलट असतं.

२०१९ मध्ये विमा नियामक, म्हणजे आयआरडीएआयने, मेडिक्लेममधली ठरावीक अपवाद-कलमं, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत ते सांगणारी कलमं, सगळ्या कंपन्यांना एकाच शब्दांत लिहायला लावली. साहसी खेळांच्या कलमाचा कोड 'एक्सक्ल ०९'. गिर्यारोहण, रॅफ्टिंग, स्कुबा डायव्हिंग अशी नावं त्यात आहेत आणि यादी तेवढ्यावर संपत नाही, असंही त्यातच म्हटलं आहे. पण त्या कलमाची अट एक आहे: असा खेळ व्यावसायिक म्हणून खेळताना झालेल्या इजेचा खर्च मिळणार नाही. हौसेनं गेलेला, आयुष्यात पहिल्यांदा स्की पायात अडकवलेला कास्तकाराचा पोरगा व्यावसायिक नव्हे. तो पडला, पाय मोडला, भरती झाला, तर या कलमावर बोट ठेवून त्याचा दावा नाकारता येऊ नये. पगार घेऊन स्कीइंग शिकवणाऱ्याची गोष्ट वेगळी.

प्रवास विमा आणि वैयक्तिक अपघात विमा मात्र त्या २०१९च्या चौकटीत येत नाहीत. तिथे प्रत्येक कंपनी आपलं कलम आपल्या शब्दांत लिहिते. कुठे साहसी खेळ सरसकट वगळलेले असतात, हौशी असो की व्यावसायिक. कुठे जास्तीचा हप्ता भरून ते जोडून घ्यावे लागतात. कुठे हौशी खेळ चालतो, पण प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच. कुठे स्कीइंग चालतं, पण आखलेल्या, म्हणजे स्कीइंगसाठी खुणा करून दिलेल्या उतारावरच. शेवटची अट गुलमर्गला जाणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून वाचावी. तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो, आणि वरचा बराचसा डोंगर आखलेला नाही. लोक जातातच मुळी त्या मोकळ्या बर्फासाठी. २०२४च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. गोंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढणार असाल आणि पॉलिसीत आखलेल्या उताराची अट असेल, तर नेमक्या धोक्याच्या जागी तुमच्याकडे विमा नाही.

म्हणजे खास सहलीसाठी घेतलेली पॉलिसीच हात वर करू शकते आणि घरची जुनी मेडिक्लेम कामी येऊ शकते. मग फक्त मेडिक्लेमवर जावं का? नाही, कारण मेडिक्लेमचं काम दवाखान्याच्या दारात सुरू होतं. डोंगरावरून त्या दारापर्यंत आणायचं कोणी? बर्फातून स्लेजवर खाली आणणं, तिथून टंगमर्ग, मग गुलमर्गपासून पन्नासेक किलोमीटरवरचं श्रीनगर. औलीला दुखापत झाली तर जोशीमठ, आणि मोठं काही असेल तर अडीचशे किलोमीटरवरचं ऋषिकेश. मेडिक्लेममध्ये रुग्णवाहिकेला मर्यादा असते, जुन्या पॉलिशांत तर फार तोकडी. हेलिकॉप्टर लागलं तर विचारूच नका. शोध, सुटका आणि तातडीनं हलवणं हे प्रवास विम्याचं काम, तेही कलमात स्पष्ट लिहिलं असेल तरच. शिवाय मनगटाला प्लास्टर घालून दोन तासांत सोडलं, तर भरती नाही म्हणून मेडिक्लेमचे पैसे सहसा मिळत नाहीत. असा बाह्यरुग्ण खर्च बरेच प्रवास विमे देतात.

आता गुडघा. स्कीइंगमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटणं ही नेहमीची मोठी दुखापत. त्याची शस्त्रक्रिया बहुधा लगेच करत नाहीत, सूज उतरून गुडघा हलता होईपर्यंत काही आठवडे थांबतात. म्हणजे पडलात गुलमर्गला, शस्त्रक्रिया नागपूरला, आणि तोवर सात दिवसांचा प्रवास विमा संपलेला. काही पॉलिशा परतल्यावरही थोडे दिवस साथ देतात, पण त्या भरवशावर राहू नये. ते बिल मेडिक्लेमचं. यासाठीच मी दोन्ही घ्या म्हणतो, आणि यात मला तडजोड पटत नाही.

रेल्वेच्या तिकिटासोबत ४५ पैशांत जो विमा येतो, त्याला प्रवास विमा म्हणणारे भेटले की मला खरंच राग येतो. तो रेल्वे प्रवासातल्या अपघातापुरता आहे. गाडीतून उतरलात की संपला, बर्फाचा त्याच्याशी संबंध नाही. तसाच बँकेतला वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा. चांगली योजना आहे, प्रत्येकानं ठेवावी: अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. पण दवाखान्याचं बिल त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

परदेशात जाणाऱ्यांचं थोडक्यात. आपली नेहमीची मेडिक्लेम बहुधा भारतापुरतीच असते. स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रियाच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. तेवढा काढला की व्हिसाचं काम होतं, पण त्यात स्कीइंग आहेच असं समजू नका. ते नावानिशी बघून घ्या.

घेताना माहितीपुस्तिका वाचून भागत नाही, पॉलिसीचा पूर्ण मसुदा मागवा. सोबत ग्राहक माहिती पत्रक मिळतं, ते मराठीतही मागता येतं. मग कंपनीला एक साधा मेल करा: अमुक तारखांना अमुक ठिकाणी हौशी स्कीइंग, आखलेल्या उताराबाहेरही जाणार, डोंगरावरून खाली आणण्याच्या खर्चासकट यात सगळं बसतं का? उत्तर लेखी घ्या. एजंट फोनवर "होऊन जाईल" म्हणाला, हे उत्तर नव्हे. त्या मेलला स्पष्ट 'हो' मिळालं नाही, तर दुसरी कंपनी बघा, दोनशे रुपये जास्त लागले तरी.

आणि तिकडे थंडी वाजते म्हणून दोन घोट घेऊन स्की बांधणाऱ्या पोट्ट्यांनो, नशेत झालेली दुखापत प्रवास आणि अपघात विम्यात सहसा वगळलेली असते. डॉक्टर केसपेपरवर वास आल्याचं लिहितात, आणि तो कागद कंपनीकडे जातो.

पडलंच कोणी, तर पीक विम्यात जशी ७२ तासांत नुकसानीची सूचना द्यायची अट असायची, तशी इथेही वेळ ठरलेली आहे, फक्त त्याहून कमी. तातडीनं भरती झाल्यावर बहुतेक कंपन्यांना २४ तासांत कळवावं लागतं. हेल्पलाइनचा नंबर फक्त बर्फात बंद पडणाऱ्या मोबाइलमध्येच ठेवू नका. कागदावर लिहून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा आणि एक प्रत घरी द्या. पहिल्या केसपेपरवर कसं पडलात, कुठे पडलात आणि किती वाजता, हे डॉक्टरांना सांगून नीट लिहून घ्या. प्रशिक्षक सोबत असेल तर त्याचं नाव आणि संस्थेची पावतीही जपून ठेवा, म्हणजे हौशी होतात आणि देखरेखीत होतात हे दाखवायला कागद हाताशी राहील.