मतदार नोंदणीचा अर्ज कुठे अडतो : खान्देशातील अर्जदारांसाठी माहिती

मतदार ओळखपत्र जवळ असणे आणि मतदार यादीत नाव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर महत्त्वाची ठरते ती दुसरी. कार्ड हरवले असेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेले बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड यांसारखा निवडणूक आयोगाने मान्य केलेला पुरावा दाखवून मत देता येते. यादीतून नाव गेले असेल, तर वीस वर्षांपूर्वीचे कार्ड दाखवूनही उपयोग होत नाही. तरीही जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बहुतेक लोक यादी उघडून पाहतात ते निवडणूक जाहीर झाल्यावर, आणि तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पात्रतेचा भाग सोपा आहे. अर्जदार भारताचा नागरिक असावा, अर्हता दिनांकास, म्हणजे वय मोजण्यासाठी ठरलेल्या तारखेस, त्याची १८ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि तो त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असावा. पूर्वी १ जानेवारी हा वर्षातला एकच अर्हता दिनांक होता. कायद्यातील दुरुस्तीनंतर २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले आहेत, आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. मार्चमध्ये अठरा पूर्ण करणाऱ्या मुलाला कोणी 'जानेवारीत या' असे सांगून परत पाठवत असेल, तर सांगणाऱ्याला नवा नियम ठाऊक नाही एवढाच त्याचा अर्थ; १ एप्रिल हा त्या मुलाचा अर्हता दिनांक आहे.

अर्ज मतदार सेवा पोर्टलवर, निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर किंवा बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) कागदावर करता येतो. ऑनलाइन केंद्रातून अर्ज भरताना मोबाइल क्रमांक मात्र स्वतःचाच द्यावा. केंद्रचालकाचा क्रमांक टाकला की संदर्भ क्रमांक, त्रुटीची सूचना आणि सुनावणीची माहिती हे सगळे त्याच्या फोनवर जाते आणि अर्जदार घरी निर्धास्त बसून राहतो.

सहा की आठ?

सर्वाधिक गोंधळ होतो तो चुकीचा नमुना निवडल्याने. नमुना ६ हा फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. नमुना ७ नाव वगळण्यासाठी किंवा दुसऱ्याच्या नावावर हरकत घेण्यासाठी आहे. पत्ता बदलणे, नोंदीतील चूक दुरुस्त करणे, बदली ओळखपत्र मागणे आणि दिव्यांगत्वाची नोंद करणे ही चारही कामे २०२२ पासून नमुना ८ मध्येच होतात. पूर्वी त्याच मतदारसंघात घर बदलल्यास '८ अ' भरावा लागे. तो नमुना आता बंद झाला आहे, पण त्याच्या जुन्या छायाप्रती अजूनही कुठे कुठे दिल्या जातात.

लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींच्या बाबतीत ही चूक हमखास होते. माहेर चाळीसगावला आणि सासर शहाद्याला असेल, तर सासरचे लोक तिचा नमुना ६ भरतात, कारण त्यांच्या यादीत ती 'नवीन' असते. पण त्याच नमुन्यात 'माझे नाव अन्य कोणत्याही यादीत नाही' असे प्रतिज्ञापन असते आणि चाळीसगावच्या यादीत तिचे माहेरचे नाव कायम असते. मग एक तर अर्ज फेटाळला जातो, नाही तर नाव दुबार होते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ आणि १८ प्रमाणे दोन ठिकाणी किंवा एकाच यादीत दोनदा नाव ठेवता येत नाही, आणि कलम ३१ खाली खोट्या प्रतिज्ञापनासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बिचाऱ्या मुलीला यातले काहीच कोणी सांगितलेले नसते. तिने जुन्या ओळखपत्राचा क्रमांक देऊन नमुना ८ मधील स्थलांतराचा पर्याय निवडावा. नमुना ८ मध्ये एका वेळी एकच पर्याय निवडायचा असल्याने आधी पत्ता हलवावा आणि नाव-आडनावाची दुरुस्ती नंतर स्वतंत्र अर्जाने करावी. विवाह नोंदणीचा दाखला अजून काढलेला नसेल, तर तोवर माहेरच्या नावाने नोंद राहू द्यावी. त्या नावानेही मत देता येते.

'एमटी' अक्षरांनी सुरू होणारा, तिरप्या रेषांचा लांबलचक क्रमांक असलेली जुनी ओळखपत्रे आजही अनेक घरांत आहेत. पोर्टलवर त्या क्रमांकाने शोध लागला नाही म्हणून नाव गेले असे समजू नये. नाव, वय आणि मतदारसंघ टाकून शोधावे आणि दहा अक्षर-अंकी नवा क्रमांक टिपून घ्यावा.

घरात नसलेला कागद

वयासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र किंवा जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र चालते. गुणपत्रक जोडण्यापूर्वी त्यावर जन्मतारीख छापलेली आहे का, ते पाहावे. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्यांकडे यातले काही नसेल, तर नमुन्यातच 'अन्य कोणताही कागद' अशी सोय ठेवलेली आहे; शाळा सोडल्याचा दाखला त्या रकान्यात द्यावा. यादीतला कागद नाही म्हणून अर्जच घेणार नाही, ही भूमिका नियमाला धरून नाही. आधार क्रमांक देता आला नाही, एवढ्याच कारणाने अर्ज नाकारता येत नाही, हेही कायद्यातच लिहिलेले आहे.

निवासाचा पुरावा हे खरे अवघड प्रकरण आहे. वीज, पाणी किंवा गॅसचे किमान वर्षभराचे बिल, आधार, बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, पारपत्र, महसूल विभागाचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा नोंदणीकृत खरेदीखत यांपैकी एक कागद लागतो. तो अर्जदाराच्या किंवा त्याच पत्त्यावर आधीच मतदार असलेल्या आई, वडील, पती, पत्नी वा सज्ञान अपत्याच्या नावावर असावा लागतो. आजोबांचा उल्लेख या यादीत नाही, आणि आपल्याकडे वीज मीटर तर आजोबांच्याच नावावर असते. ते जाऊन पंधरा वर्षे झाली तरी बिल त्यांच्याच नावाने येते. अशा घरातल्या नातवाने महावितरणच्या बिलाचा नाद सोडून वडिलांचे त्या पत्त्याचे पासबुक किंवा आधार जोडावे आणि वडिलांचे नाव त्याच भागाच्या यादीत असल्याची आधी खात्री करावी. सुनेच्या अर्जाला सासऱ्यांचे बिल जोडले तरी हीच अडचण येते. तिथे पतीच्या नावाचा कागद लागतो.

धडगाव, अक्कलकुवा भागातील पाड्यांवर घरांना क्रमांक नसतात आणि भाडेकरार हा शब्दही तिथे परका आहे. कागद अजिबात नसलेल्यांसाठी प्रत्यक्ष पडताळणीची तरतूद आहे, आणि बेघर माणूस दिलेल्या जागी खरोखर झोपतो का, हे बीएलओने रात्री जाऊन पाहावे, अशाही सूचना आहेत. व्यवहारात बीएलओ म्हणजे बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असतात, त्यांच्यावर मूळ कामाचा भार असतोच, आणि ते दिवसाच येतात. यादी पुनरीक्षणाचा, म्हणजे फेरतपासणीचा, कार्यक्रम बहुतेक वर्षी दिवाळीच्या आसपास, म्हणजे कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत येतो. घराला कुलूप दिसले की 'पत्त्यावर आढळून आले नाहीत' असा शेरा पडतो. म्हणून अर्ज केल्यावर बीएलओचे नाव आणि क्रमांक १९५० या मदतवाहिनीवरून किंवा पोर्टलवरून मिळवून स्वतःच फोन करावा.

सुरत आणि गाव

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाऊन आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) परतणाऱ्या कुटुंबांचे नाव गावातच राहायला हवे. तात्पुरत्या गैरहजेरीने सर्वसाधारण रहिवास संपत नाही, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे. 'स्थलांतरित' म्हणून ही नावे वगळली जात असतील, तर हरकत घ्यावी. याउलट सुरतेत पंधरा-वीस वर्षे बिऱ्हाड करून राहिलेल्यांचा गावातला सातबारा रहिवास सिद्ध करत नाही, कारण केवळ मालमत्ता असल्याने कोणी रहिवासी ठरत नाही, असेही तेच कलम सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरात आणि मध्य प्रदेश या आपल्या दोन्ही शेजारी राज्यांत यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. ज्यांनी तिकडे फॉर्म भरून दिला आणि इकडचेही नाव तसेच ठेवले, त्यांनी एक ठिकाण निवडून दुसरीकडचे नाव नमुना ७ भरून काढून घ्यावे. घरातील मृत व्यक्तींसाठीही मृत्यूचा दाखला जोडून हाच नमुना भरायचा असतो.

मतदानाच्या टक्केवारीशीही याचा संबंध आहे. २०२४ च्या लोकसभेला नंदुरबारमध्ये मतदान ७० टक्क्यांच्या पुढे गेले, तर जळगाव ६० टक्क्यांच्या आत राहिले. कारणे अनेक असतील. पण टक्केवारी यादीतल्या नावांवर काढतात, आणि मृत व दुबार नावे मतदानाला येत नाहीत. जर्मनी आणि स्वीडनमध्ये रहिवाशांच्या सरकारी नोंदीवरूनच यादी बनते आणि मतदाराला सूचनापत्र घरी येते. ऑस्ट्रेलियात नोंदणी आणि मतदान दोन्ही सक्तीचे असून संघीय निवडणुकीत विनाकारण गैरहजर राहिल्यास २० डॉलर दंड होतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नोंदणी नागरिकाने करायची असते, मात्र नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही. आपल्याकडे बीएलओ दारात येतो खरा, पण नाव राहिले का, हे शेवटी मतदारालाच पाहावे लागते.

तारीख कोणती धरायची?

मतदानाचा दिवस ही नोंदणीची मुदत नव्हे. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही, आणि प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस द्यावे लागत असल्याने त्या दिवसाच्या साधारण दहा दिवस आधी आलेलेच अर्ज विचारात घेतले जातात. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते, घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, आणि उमेदवारीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर असल्याने नोंदणी १९ ऑक्टोबरला संपली. त्याच वर्षीच्या लोकसभेत एकाच धुळे जिल्ह्यात दोन मुदती होत्या. साक्री आणि शिरपूर हे नंदुरबार लोकसभा मतदारसंघात येतात, तिथे उमेदवारी २५ एप्रिलला बंद झाली. धुळे शहरात ती ३ मेपर्यंत चालली. शेजारच्या तालुक्यातील ओळखीच्याने सांगितलेली तारीख आपली समजू नये.

नगरपालिका आणि जिल्हा परिषदेचा प्रकार आणखी निराळा आहे. राज्य निवडणूक आयोग स्वतः नावे घालत किंवा काढत नाही. एका ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन तो तिची प्रभागनिहाय विभागणी करतो. मागच्या वेळी ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नोंद झालेल्यांचे नाव विधानसभेच्या यादीत दिसत होते, पण प्रभागाच्या यादीत नव्हते, आणि तहसील कार्यालयांत वाद झाले ते मुख्यतः यावरूनच. प्रभागाच्या प्रारूप यादीवरील हरकतीत चुकीचा प्रभाग किंवा विभागणीत राहून गेलेले नाव दुरुस्त होते. नवे नाव घालून मिळत नाही.

अर्ज फेटाळला गेला, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत मागून घ्यावी. 'कागदपत्रे अपूर्ण' एवढ्याच शेऱ्यावर समाधान मानू नये. पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिले आणि त्यांच्या निर्णयानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील करता येते. ज्यांची चूक फक्त नमुना निवडण्यात झाली आहे, त्यांनी अपिलात वेळ घालवू नये. योग्य नमुन्यात नवा अर्ज केल्याने काम लवकर होते.

विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधरांच्या यादीतही असेल, असे मात्र नाही. आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात येतात. तिथली यादी प्रत्येक निवडणुकीला कोरी सुरू होते, म्हणून ३० जानेवारी २०२३ रोजी ज्यांनी मत दिले, त्यांनाही पुढच्या वेळी नमुना १८ पुन्हा भरावा लागेल. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असून त्याच्या किमान तीन वर्षे आधी पदवी मिळालेली असावी आणि अर्जासोबत पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडावी.