वीस गुणांची दरी म्हणजे अध्ययन अक्षमता नव्हे

बुद्धिमापन चाचणीचा अहवाल हातात पडला की पालकांची नजर आधी सगळ्यात कमी आकड्यावर जाते. शाब्दिक आकलन 112, प्रक्रिया-वेग (साधी कामं किती झटपट होतात ते) 92. ‘इथेच घोडं पेंड खातंय’ असं वाटतं, आणि कधीकधी अहवाल लिहिणाराही तेवढ्यावर अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या टिकाऊ अडचणीचा, निष्कर्ष काढून मोकळा होतो.

मुलांच्या वेश्लर बुद्धिमापन चाचणीची 2014 मधली पाचवी आवृत्ती पाच मुख्य निर्देशांक, म्हणजे वेगवेगळ्या क्षमतांचे गुण, देते. प्रत्येकाची सरासरी 100, प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती विखुरतात ते) 15. मोजमापात थोडी चूक राहतेच. विश्वसनीयता (गुण किती स्थिर येतात याचं 0 ते 1 मधलं माप) 0.90 धरली, तर दोन निर्देशांकांतला फरक साधारण 13 गुणांच्या वर गेला तरच तो खरा मानता येतो. म्हणजे आपला 20 गुणांचा फरक खरा आहे. पण खरा फरक दुर्मीळ असतोच असं नाही, आणि सगळा घोळ इथे होतो. शाळेत काहीही अडचण नसलेल्या मुलांतही सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या निर्देशांकात 20 हून जास्त अंतर सर्रास सापडतं. सगळे आकडे एका रांगेत येणं हाच खरं तर अपवाद.

शिवाय 92 आले कसे, हे आकडा सांगत नाही. प्रक्रिया-वेगाच्या एका उपचाचणीत दोन मिनिटांत जमतील तेवढी चिन्हं उतरवायची असतात. एखादं मूल प्रत्येक चिन्ह कोरून कोरून काढतं, एखाद्याची पेन्सिलवरची पकडच कच्ची असते, एखादं घाबरून दर वेळी नमुना पुन्हा पुन्हा तपासतं. तिघांचे गुण सारखेच येऊ शकतात. चाचणीची भाषा घरी बोलली जात नसेल तर शाब्दिक गुणही असेच फसवे ठरतात. म्हणून चाचणी घेताना टिपलेली निरीक्षणं मला आकड्यांइतकीच मोलाची वाटतात. ती नसलेला अहवाल अपुराच.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या 2013 च्या निदान-निकषांनी अध्ययन अक्षमतेसाठीची बुद्ध्यांक आणि शालेय प्रगती यांतल्या तफावतीची अट काढून टाकली. वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण, नेमकी मदत देऊनही किमान सहा महिने टिकणारी, हा आता निदानाचा गाभा आहे. त्यामुळे डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचनातल्या अध्ययन अक्षमतेची, शंका असेल तर मुलाला अर्थहीन शब्द वाचायला द्यावेत, शब्दातले ध्वनी सुटे करून सांगायला लावावेत, एका मिनिटात ते किती शब्द अचूक वाचतं ते मोजावं. हे 112 गुणांच्या मुलालाही जमत नसेल, तर त्याला मदत मिळायलाच हवी, निर्देशांकांत दरी असो वा नसो.